डावी तीन, मग उतार

दारावर आमची नावं आहेत, स्टिकरची.
कस्तुरी गव्हाणे, ओ पॉझिटिव्ह.
खाली मी. रंगनाथ गव्हाणे, ओ पॉझिटिव्ह.
स्टिकरवाला म्हणाला, काका, तुमचं वर घेऊ ना?
म्हटलं, स्टिअरिंग कुणाकडं आहे ते बघ.

स्टिअरिंग डावीकडं. गाडी परदेशी बनावटीची,
तिसऱ्या हाताची, बँकेच्या दोन हप्त्यांची.
म्हणजे पोर बसते माझ्या मेलेल्या कानाच्या बाजूला.
भोसरीत बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो,
डावा कान तिथंच राहिला,
लोखंडाच्या किसासोबत रोज थोडा थोडा झाडला गेला.
घरी ती काही सांगायची, मी नुसतं हं म्हणायचो
आणि तिला कळायचं, ऐकलं नाही.
मग ती सांगायची थांबली.
बारावीत असेल. तारीख कोण लिहून ठेवतं.

पण हेल्मेटमध्ये इंटरकॉम आहे.
उजवीकडचा स्पीकर मी जरा आत दाबून बसवलाय.
तिथं ती इतकी जवळ येते
की आवंढा गिळला तरी कळतो.
सुरुवातीच्या रेषेवर झेंडेवाला एकेक बोट दुमडत जातो
आणि माझी पोरगी नाकातनं श्वास घेते,
तान्ही असताना सर्दी झाली की घ्यायची, तसाच.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सासवडच्या पुढचं माळरान. काल रेकीला हळू फिरून
वहीत उतरवलंय सगळं:
डावी तीन, मग उतार.
उजवी दोन, आतल्या अंगाला दगड.
ओढा, तळ दिसत नाही.
करवंदीची जाळी. वाट जाळीमागं, भुलू नको.
जन्मभर तिला दिलेल्या सूचनांपैकी
एवढ्याच तिनं पाळल्या.

अकराव्या किलोमीटरला वास आला, जळक्या रबराचा.
मला आधी आला. म्हटलं, एवढं वळण जाऊ दे, मग सांगू.
वळणातच बेल्ट तुटला.

मी पट्टे सोडून खाली उतरेपर्यंत
तिनं झाकण उघडलंसुद्धा.
सरा बाबा.
सरलो. पान्यांची पिशवी धरून उभा राहिलो,
सात वर्षांची असताना वर्कशॉपात ती उभी राहायची, तसा.
मागितला दहाचा, मी दिला बाराचा.
डोळे कुठंयत? म्हणाली.
वाक्य माझंच. सूरही माझाच.
दोन गाड्या आमच्यावर धुरळा उडवत गेल्या,
तिसरीनं निदान हात केला.
तिच्या हातमोज्याला भोक पडलं, बोट भाजलं,
ते मला घरी कळलं, तिच्या आईकडून.

पुन्हा बसलो. वहीत मुरूम शिरलेला,
पानं एकमेकांना चिकटलेली.
मी पान हरवलं.
कानात फक्त खरखर.
मग ती: बाबा, बोला. काहीही बोला.

काय बोलणार?
म्हटलं, दिसतंय तसं जा.
म्हटलं, तुझी आई ओव्हरऑल धुताना
बादलीत उरलेली माती तुळशीत टाकत नाही, जिन्यात ओतते,
म्हणते, हिला इथलं काही चिकटायला नको.
ती हसली, आणि पाय दाबला,
मी कधीच दाबू दिला नसता इतका.
ओढा आला तेव्हा आम्ही दोघंही ओरडत होतो,
ते मार्गदर्शन नव्हतं.

अकरा गाड्यांत नववे.

संध्याकाळी ट्रेलर जोडून परत निघालो,
पिकअप तिनं चालवायला घेतली.
इथं स्टिअरिंग उजवीकडं.
दिवे घाट उतरेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही
की चांगला कान आता तिच्याकडं आहे.
हडपसरच्या सिग्नलला तिनं इंजिन बंद केलं
आणि बोलू लागली,
समोर बघत, हळू,
ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं.

सिग्नल सुटला.
मागच्या हॉर्नवाल्यांनो,
दमा जरा.